जुनं लष्करी पिस्तूल: मूळ कुठलं, पॉलिश कधीचं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आजोबांच्या पेटीत पिस्तूल निघालं. सगळ्यात आधी काय करायचं?

ते भरलेलं आहे असं धरून चालायचं. ठासणीच्या, म्हणजे तोंडातून दारू-गोळी ठासून भरायच्या, पिस्तुलांत ती शंभर-दीडशे वर्षं तशीच राहिलेली सापडते, आणि काळी दारू कोरडी राहिली तर वयाने तिची ताकद जात नाही. नळीचं तोंड माणसांपासून दूर ठेवा. बोट चापावर नको, आणि घोडा ओढून बघायचा मोह टाळा.

ठासणीचं पिस्तूल तपासायला ६ ते ८ मिमी जाडीची लाकडी काठी घ्या. नळीच्या तोंडातून ती टेकेपर्यंत अलगद आत सोडा आणि तोंडाशी पेन्सिलीची खूण करा. हे करताना हात बाजूने ठेवा, तोंडासमोर नको. मग काठी बाहेर काढून नळीला समांतर धरा. टोक रंजकाच्या भोकापर्यंत (ठिणगी नळीत जाते ते भोक) किंवा निपलच्या (स्फोटक टोपी बसते ते पोकळ बोंड) बुडापर्यंत पोचत असेल तर नळी बहुधा रिकामी आहे. दोन-तीन सेंटीमीटर अलीकडे थांबत असेल तर आत काहीतरी आहे. ती गोळी असेल, चिंधी असेल, नाहीतर कुंभारमाशीचं घर. लोखंडी सळी वापरू नका. अडकलेली गोळी ड्रिलने, तापवून किंवा पाणी ओतून ठोकून काढायला जाऊ नका. हे काम परवानाधारक बंदूक दुरुस्तीवाल्याचं आहे.

वेब्ली या ब्रिटिश लष्करी रिव्हॉल्व्हरसारख्या मोडत्या रिव्हॉल्व्हरला डाव्या बाजूला अंगठ्याचा खटका असतो. तो दाबला की नळी पुढे झुकते आणि सिलिंडरची सहाही घरं दिसतात. खटका गंजून घट्ट बसला असेल तर जोर लावू नका.

शंभर वर्षांपूर्वीचं आहे, मग परवाना कशाला?

हा समज कोल्हापुरात काय, सगळीकडेच आहे आणि तो चुकीचा आहे. १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या कलम ४५ मध्ये जुन्या पद्धतीच्या किंवा पुरातन मोलाच्या शस्त्रांना सूट आहे खरी, पण तिला अट आहे: ते शस्त्र दुरुस्ती करूनही बंदूक म्हणून वापरता येऊ नये. नुसता घोडा तुटलाय, निपल नाही, स्प्रिंग गेलीय, एवढ्याने ती अट पूर्ण होत नाही, कारण हे सगळं बदलता येतं. वय किती, याला इथे महत्त्व नाही.

विनापरवाना शस्त्र हाती आलं तर जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्र विक्रेत्याकडे जमा करून पोच घ्यायची, आणि वारसा म्हणून परवान्यासाठी कोल्हापूरच्या नागाळा पार्कातल्या जिल्हाधिकारी कार्यालयाकडे अर्ज करायचा. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका व्यक्तीकडे, वारशाची धरून, जास्तीत जास्त दोनच अग्निशस्त्रं राहू शकतात. ०.४५५ किंवा ०.३८० इंची लष्करी काडतूस बसणारं रिव्हॉल्व्हर असेल तर प्रकरण आणखी अवघड, कारण हे बोअर (नळीच्या आतल्या व्यासाची मापं) नागरिकांसाठी प्रतिबंधित यादीत आहेत.

पुढची सगळी माहिती कागदपत्रं मार्गी लागल्यावर वापरायची. शस्त्र विक्रेत्याकडे जमा असलं तरी त्याच्या समोर बसून मापं आणि फोटो घेता येतात.

ओळख पटवायला काय काय लागतं?

दहापट भिंग, व्हर्नियर, लहान चुंबक, आटे मोजायचा गेज, साधी टॉर्च आणि ३६५ नॅनोमीटरची अतिनील टॉर्च. हातात नायट्राइल मोजे, कारण घामातल्या मिठाने पॉलिश केलेल्या पोलादावर बोटांचे ठसे गंजून उठतात. शिक्के वाचताना टॉर्च समोरून मारू नका. ती पृष्ठभागाला जवळजवळ टेकवून आडवी धरा आणि हळूहळू फिरवा. समोरून जिथे काहीच दिसत नाही तिथे आडव्या उजेडात मुकुटाची अर्धी कड उमटते. पातळ टिश्यू पेपर ठेवून मऊ पेन्सिलीने घासून घेतलेला छापही कामी येतो. शिक्क्यात खडू कोंबणं, टोकदार सुईने घाण उकरणं, हे नको.

सुरुवात कुठून करायची? शिक्क्यांपासून?

नाही, यंत्रणेपासून. शिक्का खोटा मारता येतो, पण पिस्तुलाची चाल सहसा खोटं बोलत नाही. चकमकीच्या पिस्तुलाला गारगोटी धरणारा घोडा, समोर पोलादी पट्टी आणि खाली रंजकाची वाटी असते. टोपीच्या पिस्तुलाला निपल, त्यावर बसणारी छोटी स्फोटक टोपी आणि ती फोडणारा हातोडीसारखा घोडा असतो. टोपीची यंत्रणा १८२० च्या दशकात चालू झाली आणि ब्रिटिश फौजेने ती १८४० च्या सुमारास स्वीकारली. म्हणून 'पानिपतावर नेलेलं' म्हणून दाखवलं जाणारं टोपीचं पिस्तूल १७६१ चं असूच शकत नाही. हे ऐकून घरातली थोरली माणसं नाराज होतात, पण इलाज नाही.

एक अपवाद लक्षात ठेवा. चकमकीची बरीच पिस्तुलं नंतर टोपीची करून घेतली गेली. लॉकच्या, म्हणजे घोडा आणि ठिणगीची यंत्रणा धरणाऱ्या भागाच्या, पट्टीवर वाटीच्या आणि पोलादी पट्टीच्या जागी भरून बुजवलेली दोन-तीन स्क्रूची भोकं, आणि रंजकाच्या भोकात आट्याने बसवलेला छोटा दंडगोल व त्यावर निपल, ही त्याची खूण. हा बदल त्याच काळातला असेल तर तो वस्तूच्या इतिहासाचा भाग आहे, दोष नाही. उलट दिशेचा उद्योग मात्र वाईट: किंमत वाढावी म्हणून टोपीचं पिस्तूल परत चकमकीचं करतात. तिथे वाटी आणि पट्टी बाकीच्या लॉकपेक्षा तीक्ष्ण, कोऱ्या कडांची दिसते आणि नळीतल्या भोकाभोवती बुजवलेल्या दंडगोलाचं वर्तुळ भिंगाखाली सापडतं.

यंत्रणेनंतर मापं. ब्रिटिश घोडदळाच्या न्यू लँड पद्धतीच्या पिस्तुलाची नळी ९ इंच, म्हणजे २२९ मिमी, आतला व्यास ०.६५ इंच म्हणजे १६.५ मिमी, आणि दारू-गोळी ठासायचा गज हरवू नये म्हणून नळीच्या तोंडाशी बिजागरीला अडकवलेला. १८५६ च्या रायफल नळीच्या पिस्तुलाची नळी १० इंच आणि व्यास ०.५७७ इंच, म्हणजे १४.७ मिमी. आरमारी पिस्तुलाला कमरपट्ट्यात अडकवायची लांब लोखंडी पट्टी असते. मापं अर्ध्या मिलिमीटरपर्यंत घ्या. नळीचं तोंड कापलेलं असेल तर तेही इथेच कळतं.

लॉकवर 'टॉवर' लिहिलंय. म्हणजे लंडनचंच ना?

टॉवर म्हणजे लंडनच्या किल्ल्यातलं सरकारी कोठार. तिथे जमा झालेल्या, वेगवेगळ्या कंत्राटदारांनी बनवलेल्या हत्यारांवर ते नाव पडे. त्यामुळे नावावरून कारागीर कळत नाही. शिवाय हा शब्द जगात सगळ्यात जास्त नकलला गेलेला आहे. पर्यटकांसाठी बनणाऱ्या पितळी नक्षीच्या पिस्तुलांवरही तो असतो.

एक उपयोगी कसोटी: ब्रिटिश सरकारी लॉकवर १७६४ पर्यंत कारागिराचं नाव आणि साल असे. त्यानंतर दोन्ही बंद होऊन फक्त 'टॉवर' उरलं, आणि साल पुन्हा दिसतं ते टोपीच्या काळात. तेव्हा चकमकीच्या लॉकवर 'टॉवर १७९०' असं शेजारी-शेजारी दिसलं तर भुवई उंचावायची.

कंपनी सरकारचं पिस्तूल कसं ओळखायचं?

ईस्ट इंडिया कंपनीची खूण दोन काळांत दोन प्रकारची. १८०८ च्या आधी बदामाच्या आकाराचं हृदय, त्याचे चार भाग आणि प्रत्येकात कंपनीच्या नावाचं एकेक अक्षर, वर इंग्रजी चारचा आकडा. त्यानंतर पुढच्या पायांत मुकुट धरून उभा राहिलेला सिंह. हृदयाच्या काळातल्या लॉकवर बहुधा कारागिराचं नाव आणि सालही असतं. १८५८ ला कंपनीचा कारभार संपला, तेव्हा सिंहाच्या शिक्क्यासोबत त्यानंतरचं साल दिसलं तर लॉक, नळी आणि शिक्का वेगवेगळ्या पिस्तुलांचे आहेत का ते बघा.

दक्षिण महाराष्ट्रात मिळणाऱ्या लष्करी पिस्तुलांत हे सिंहवाले महत्त्वाचे. सिंह फार उथळ ठोकलेला असतो आणि पॉलिशच्या चाकाखाली पहिला बळी त्याचाच जातो. शेपटी आणि मागचे पाय नाहीसे होऊन नुसता ठिपका उरतो.

बाण, मुकुट, अक्षरं यांचा अर्थ काय?

तीन रेघांचा रुंद बाण म्हणजे ब्रिटिश सरकारी मालमत्ता. बाणासोबत 'बी.ओ.' ही अक्षरं असतील तर १८५५ पर्यंतचं बोर्ड ऑफ ऑर्डनन्स, 'डब्ल्यू.डी.' असेल तर त्यानंतरचं वॉर डिपार्टमेंट. बाणाखाली 'आय' म्हणजे हिंदुस्थान सरकार. दोन बाण टोकाला टोक लावून समोरासमोर असतील तर शस्त्र सरकारी नोंदीतून अधिकृतपणे काढून विकलं गेलं, असा अर्थ. वारशाच्या कागदांसाठी ही छोटी खूण मोलाची असते.

मुकुटाखालची अक्षरं राजाची: 'जी.आर.' म्हणजे १७१४ ते १८३० मधले जॉर्ज, 'डब्ल्यू.आर.' १८३० ते १८३७, 'व्ही.आर.' १८३७ ते १९०१, 'ई.आर.' १९०१ ते १९१०, आणि १९१० पासून पुन्हा 'जी.आर.'.

एकही बाण नाही म्हणून पिस्तूल लष्करी नाही, असं ठरवू नका. ब्रिटिश अधिकारी पिस्तूल स्वतःच्या पैशाने घेत. अशा पिस्तुलावर दुकानदाराचं नाव आणि नागरी चाचणीचे शिक्के असतात, सरकारी खूण नसते.

नळीवरचे बारीक शिक्के कुठल्या गावचे हे कसं कळतं?

ते चाचणीचे शिक्के. जास्त दारू भरून नळी उडवून पाहिल्याची पावती म्हणा. लंडनचे म्हणजे मुकुटाखाली एकमेकांत गुंफलेली 'जी.पी.' अक्षरं आणि मुकुटाखाली 'व्ही'. बर्मिंगहॅमचं चाचणीगृह १८१३ ला सुरू झालं. त्याचे जुने शिक्के म्हणजे मुकुट आणि फुलीसारखे राजदंड, खालच्या बेचक्यात एकावर 'व्ही' आणि दुसऱ्यावर 'बी.पी.सी.'. १९०४ पासून ते मुकुटाखाली 'बी.पी.' आणि 'बी.व्ही.' असे झाले. म्हणजे १८६० चं सांगितलेल्या पिस्तुलावर नुसता नवा शिक्का असेल तर ते १९०४ नंतर विक्रीसाठी पुन्हा तपासलं गेलंय, किंवा नळी नंतरची आहे.

लंबगोलात 'ई.एल.जी.' आणि खाली तारा असेल तर बेल्जियमचं लिएज. त्या लंबगोलावर मुकुट असेल तर १८९३ नंतरचं. लिएजवाल्यांनी ॲडम्स आणि वेब्ली या दोन्ही ब्रिटिश रिव्हॉल्व्हरांच्या नकला भरपूर केल्या आणि त्या हिंदुस्थानात भरपूर आल्या. घरच्यांच्या मते 'विलायती' असलेली अनेक रिव्हॉल्व्हरं प्रत्यक्षात लिएजची निघतात. वाईट नाहीत, पण ब्रिटिश नाहीत.

नळीच्या पोटाखाली २४, २५ असा आकडा असेल तर तो अनुक्रमांक नाही. एक पौंड शिशात त्या मापाच्या किती गोळ्या बसतात तो आकडा आहे. २५ म्हणजे साधारण ०.५७ इंच.

वेब्ली आहे. कुठलं मार्क, म्हणजे कितवी आवृत्ती?

मुठीकडे बघा. पक्ष्याच्या चोचीसारखी वळलेली मूठ आणि ४ इंची नळी म्हणजे साधारणतः मार्क १ (१८८७) ते मार्क ५ (१९१३) यांपैकी. चौकोनी बुडाची मूठ आणि ६ इंची नळी म्हणजे मार्क ६, जे मे १९१५ मध्ये स्वीकारलं गेलं. सांगाड्याच्या डाव्या बाजूला साल असतं. १९२१ ते १९२६ या काळात मार्क ६ एनफील्डच्या सरकारी कारखान्यात बनलं, त्यावर वेब्लीऐवजी एनफील्डचं नाव दिसतं. ५ इंची नळीचं, जरा लहान आणि ०.३८० चं असेल तर १९३२ नंतरचं एनफील्ड नंबर २.

वेब्लीसारखं दिसणारं, ०.४५५ चं, पण स्पॅनिश कारखान्याचं नाव असलेलं रिव्हॉल्व्हर हाती आलं तर लगेच नकली म्हणू नका. पहिल्या महायुद्धात तुटवडा पडल्यावर ब्रिटनने अशी रिव्हॉल्व्हरं स्पेनमधून अधिकृतपणे घेतली होती, बाण शोधा.

कोल्ट नेव्ही मिळालंय. लंडनचं की अमेरिकेचं?

नळीवरचा पत्ता वाचा. कोल्टचा लंडनचा कारखाना १८५३ ते १८५६ एवढाच चालला. लंडनच्या १८५१ नेव्हीला चापाची कडी आणि मुठीची मागची पट्टी लोखंडी, अमेरिकेच्या बहुतेकांना पितळी. चुंबक लावा, काम झालं. अनुक्रमांक नळी, सांगाडा, कडी, मागची पट्टी, सिलिंडर अशा अनेक भागांवर असतो. सगळे जुळतात का ते तपासा आणि न जुळणारे लिहून ठेवा.

कोल्हापूर संस्थानच्या फौजेतलं किंवा १८५७ चं असू शकेल का?

असू शकेल, पण पिस्तूल एकटं ते सिद्ध करत नाही. ३१ जुलै १८५७ ला कोल्हापुरात २७व्या मुंबई नेटिव्ह इन्फन्ट्रीने उठाव केला. त्या पलटणीतल्या शिपायांकडे लांब बंदुका होत्या. पिस्तूल घोडेस्वाराकडे किंवा अधिकाऱ्याकडे असे. तेव्हा 'उठावातल्या शिपायाचं पिस्तूल' ही गोष्ट ऐकली की ते त्याच्याकडे आलं कुठून, हा प्रश्न आधी विचारायचा.

पुरावा तीन ठिकाणी मिळतो. एक, शस्त्रावर: चापाच्या कडीवर, मुठीच्या टोपीवर किंवा मागच्या पट्टीवर पलटणीचं संक्षिप्त नाव, तुकडीचं अक्षर आणि क्रमांक. संस्थानी शिलेखान्यांतल्या (शस्त्रागारांतल्या) शस्त्रांवर बिंदू-बिंदूंनी ठोकलेले देवनागरी आकडेही दिसतात. बिकानेरच्या शस्त्रांची ही पद्धत प्रसिद्ध आहे. दोन, घरात: १८७८ च्या शस्त्र कायद्याखालचे जुने परवाने, ज्यांवर बोअर आणि क्रमांक लिहिलेला असतो. लोक पिस्तूल जपतात आणि तो पिवळा कागद रद्दीत देतात. तीन, कोल्हापूरच्या पुरालेखागारात: संस्थानचे जुने कागद बरेचसे मोडीत आहेत, मोडी वाचणारा सोबत न्या आणि नुसतं 'पिस्तूल' न शोधता शिलेखाना, पागा आणि बक्षिसीच्या नोंदी पाहा.

तुलनेसाठी टाऊन हॉलमधलं वस्तुसंग्रहालय आणि न्यू पॅलेसमधलं संग्रहालय दोन्ही हाताशी आहेत. तिथे काचेतून जे पाहायचं ते म्हणजे मूळ कडा किती तीक्ष्ण असतात, हे.

सीमेपलीकडची नक्कल कशी ओळखायची?

खैबर भागातल्या कारागिरांनी ब्रिटिश शस्त्रांच्या हुबेहूब नकला पिढ्यान्‌पिढ्या केल्या. यंत्रणा चालते, अक्षरं मात्र फसतात. इंग्रजी 'एन' उलटा, स्पेलिंग चुकलेलं, ओळ वर-खाली, आकडे वेगवेगळ्या साच्यांचे. सगळ्यात सोपी पकड: 'व्ही.आर.' आणि खाली १९०१ नंतरचं साल. राणी जानेवारी १९०१ मध्ये वारली. सरकारी शिक्का एका ठोक्यात पडतो, त्याची खोली सारखी असते. नकलेत अक्षर छिन्नीने कोरलेलं असतं आणि भिंगाखाली रेघेच्या तळाशी छोटे-छोटे टप्पे दिसतात.

मूळ फिनिश कसं असायला हवं होतं?

हे माहीत नसेल तर पुढचं सगळं व्यर्थ, म्हणून काळाप्रमाणे बघू.

चकमकीच्या लष्करी पिस्तुलांची नळी आणि लॉक बहुधा पांढरं, घासून चकचकीत ठेवलेलं असे. ब्रिटिश पायदळाच्या बंदुकांच्या नळ्या तपकिरी करायची पद्धत १८१५ च्या सुमारास आली. तपकिरी रंग म्हणजे मुद्दाम आणलेला, आवरलेला गंज. लॉकची पट्टी हाडांच्या कोळशात तापवून कठीण केलेली असेल तर तिच्यावर राखाडी-निळे ढगाळ डाग असतात आणि ते हाताळण्याने झिजत जातात. कोल्टची नळी आणि सिलिंडर निळे, सांगाडा, घोडा आणि ठासणीची दांडी ढगाळ. वेब्ली निळं. स्क्रू आणि बारीक स्प्रिंगा ३०० अंश सेल्सिअसच्या आसपास तापवून मोरपंखी निळ्या केलेल्या.

कॉस्टिक सोडा आणि नायट्रेटच्या, साधारण १४० अंशांवर उकळणाऱ्या द्रावणात बुडवून काळं-निळं करायची पद्धत १९३० च्या दशकापासून पसरली. राखाडी, मंद फॉस्फेटचा थर मुख्यतः दुसऱ्या महायुद्धाचा. भट्टीत भाजलेला काळा जाड रंग, ब्रिटिश फौजेत 'सनकोराइट' म्हणून ओळखला जाणारा, १९४० च्या दशकापासूनचा.

यावरून नियम निघतो: शिक्का बनल्याचं साल सांगतो, फिनिश शेवटचा हात कधी लागला ते सांगतो. दोन्ही तारखा वेगळ्या आल्या की मधली हकीकत शोधायची.

पुन्हा पॉलिश किंवा ब्लूइंग (काळं-निळं करणं) झालंय हे नेमकं कशावरून?

एका खुणेवर निर्णय देऊ नका. तीन-चार एकाच दिशेला बोट दाखवत असतील तरच लिहा.

पहिली जागा स्क्रूची भोकं. बफचं कापडी चाक भोकाच्या कडेवरून जाताना आत बुडतं आणि कडेभोवती उथळ बशी तयार होते. मूळ कामात पृष्ठभाग भोकाच्या कडेपर्यंत सपाट असतो. आडव्या टॉर्चमध्ये ही बशी सावलीने लगेच कळते, आणि ती कुठल्याही रंगाने लपत नाही.

दुसरी जागा शिक्के. ठोक्याने पडलेल्या अक्षराभोवती धातू किंचित वर उचललेला असतो. तो उंचवटा गायब, अक्षराची एक बाजू खोल आणि दुसरी पुसट, सरळ रेघा नरसाळ्यासारख्या रुंद झालेल्या, म्हणजे वरचा धातू काढला गेलाय.

तिसरी, कडा. अष्टकोनी नळीच्या आठही कडा बोटाला जाणवल्या पाहिजेत. समोरासमोरच्या बाजूंमधलं अंतर व्हर्नियरने बुडाशी, मध्ये आणि तोंडाशी मोजा. चारही जोड्या एकाच ठिकाणी सारख्या यायला हव्यात. एक जोडी कमी भरली तर त्या बाजूला कानस चालली आहे. उजेडाचं प्रतिबिंब सपाट बाजूवर लाटांसारखं हलत असेल तर चाकावर हाताने धरून घासलंय.

चौथी, खड्डे. गंजाच्या खड्ड्याच्या तळाशी वरच्यासारखाच चकचकीत काळा रंग असेल तर आधी गंज, मग रंग. मूळ निळ्यावर नंतर गंज आला असता तर खड्ड्यात तपकिरी किंवा मंद काळं दिसलं असतं.

पाचवी, रंगाची छटा. गरम द्रावणातलं ब्लूइंग कठीण केलेल्या भागांवर जांभळट-लालसर वळतं. १९१४ पूर्वीच्या पिस्तुलाचा सगळा पृष्ठभाग शाईसारखा एकसारखा काळा, पण घोडा किंवा सांगाडा जांभळट, हा नमुना दिसला की शंका जवळजवळ संपते. त्यात स्क्रूच्या खाचाही काळ्या, नळीचं तोंड काळं, लॉकच्या आतला भागही काळा. मुळात आतली यंत्रणा पांढरी असे.

सहावी, झीज चुकीच्या जागी. खरी झीज नळीच्या तोंडाच्या कडेला, म्यानाला घासणाऱ्या बाजूला, चापाच्या कडीच्या पुढच्या भागाला आणि मुठीच्या मागच्या पट्टीला असते. कडा रुंद झिजलेल्या, पण त्यांच्यावर रंग मात्र अख्खा, हे शक्य नाही.

निकेल चढवलेलं आहे. मूळचं असेल?

व्यापारी निकेल प्लेटिंग १८७० च्या आसपास रुळलं. त्याआधीच्या पिस्तुलावर ते नंतरचंच. क्रोम त्याहून उशिराचं, १९२० च्या दशकाच्या अखेरीचं. निकेलचा पांढरा रंग किंचित पिवळट असतो, क्रोमचा निळसर. मोटारीच्या जुन्या बंपरसारखी चमक दिसली तर ते क्रोम. शिक्क्यांच्या कोपऱ्यांत थर जाड होऊन अक्षरं भरल्यासारखी दिसत असतील किंवा थराखाली खड्डे दिसत असतील तर प्लेटिंग नंतरचं.

गुजरीत, म्हणजे कोल्हापूरच्या सराफ बाजारात, सोन्याचा कस पाहायला क्ष-किरणांची यंत्रं आहेत. ती निकेल आणि क्रोम वेगळे दाखवतात. मात्र फॉस्फरससारखं हलकं मूलद्रव्य तिथे नीट पकडलं जात नाही, त्यामुळे फॉस्फेटचा थर त्यावरून नाकारू नका. आणि शस्त्राचा सुटा भागही कायद्याने शस्त्रच, तेव्हा परवान्याशिवाय खिशात घालून निघू नका.

लाकडी मूठ बदललेली आहे का?

ब्रिटिश पिस्तुलांचं लाकूड अक्रोडाचं. आपल्याकडे बदललेली मूठ शिसवीची किंवा सागवानाची. शिसवी हाताला जड लागते, सागवानाला तेलकट वास असतो आणि रेषा सरळ. मूळ लाकूड धातूच्या पातळीला किंवा किंचित वर बसतं. ते धातूपेक्षा खाली गेलं असेल तर सॅंडपेपर चाललाय. मूळ लेप जवसाच्या तेलाचा. अतिनील टॉर्चखाली नारिंगी चमक आली तर लाख, म्हणजे फ्रेंच पॉलिश, जे लष्करी मुठीवर सहसा नंतर चढतं.

स्क्रू काय सांगतात?

बरंच काही. जुन्या लष्करी पिस्तुलावर फुलीचा स्क्रू असूच शकत नाही. तो १९३० च्या दशकातला. व्हिटवर्थचा आटा १८४१ चा आणि ५५ अंशांचा, मेट्रिक ६० अंशांचा. गेज लावल्यावर मेट्रिक बसला तर तो स्क्रू जवळपासच्या लेथवर झालेला. खाचांच्या कडा फाटलेल्या असतील तर कुणीतरी चुकीच्या पेचकसाने उघडलंय, आणि रंग त्या फाटलेल्या कडांवरूनही गेला असेल तर उघडणं आधी, रंग नंतर.

लष्कराने स्वतःच पुन्हा फिनिश केलं असेल तर?

तर तो इतिहास आहे आणि त्याला किंमत आहे. ब्रिटिश कारखान्यातल्या संपूर्ण दुरुस्तीची 'एफ.टी.आर.' ही खूण आणि साल शोधा. एनफील्ड नंबर २ मार्क १ मध्ये १९३८ पासून घोड्याचं शेपूट काढून बदल केले गेले आणि नावापुढे तारा ठोकला गेला. तारा बाकीच्या अक्षरांहून वेगळ्या खोलीचा दिसणं इथे स्वाभाविक आहे. लष्करी कामात पॉलिश खरखरीत असतं पण शिक्के जपलेले असतात. बाजारातल्या कामात उलट.

मुद्दाम जुनाट केलेलं कसं कळेल?

नवसागर किंवा ब्लीचने आणलेला गंज केशरी, भुरभुरीत आणि सगळीकडे सारखा असतो. हात लागणाऱ्या आणि न लागणाऱ्या जागांत फरक करत नाही. जुना गंज दाट, काळसर-तपकिरी, कापडाला रंग न सोडणारा.

कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या कारखान्यांत चांगलं बफिंग-प्लेटिंग होतं. करून घेऊ का?

नको. कामाचा दर्जा उत्तमच असतो, तोच त्रास आहे. बफिंगवाला पंपाचा इम्पेलर जसा आरसा करतो तसं पिस्तूलही करून देतो, आणि सिंह, बाण, चाचणीचा शिक्का सगळं दहा मिनिटांत जातं. कायद्याच्या दोन बाबी वेगळ्याच: परवान्याशिवाय अग्निशस्त्राची दुरुस्ती करणं कलम ५ खाली येतं, आणि शस्त्रावरचं नाव, क्रमांक किंवा ओळखीची खूण पुसणं कलम ८ खाली. गरम कॉस्टिकच्या टाकीत शिशा-कथलाचे जोड सुटतात, म्हणजे डाग दिलेली नळीवरची पट्टी वेगळी होऊन हातात येते. शिवाय कोपऱ्यांत अडकलेलं द्रावण पावसाळ्यात पांढऱ्या मिठासारखं बाहेर फुटत राहतं.

मग गंजाचं काय करायचं?

चालू गंज थांबवायचा, जुना डाग सोडून द्यायचा. शिलाई मशीनचं पातळ तेल लावून दोन-तीन दिवस मुरू द्या, मग बांबूच्या किंवा पितळेच्या पट्टीच्या टोकाने फक्त वर आलेला गंज खरवडा, कापडाने पुसा, पुन्हा तेल. मूळ निळ्या रंगावर स्टील वूल नको. व्हिनेगर, फॉस्फरिक आम्लाचे गंजनाशक आणि विजेच्या टाकीतली सफाई तिन्ही निळा रंगही काढतात, कारण तो रंगसुद्धा लोखंडाचा ऑक्साइडच आहे. पितळेवर चिंच किंवा लिंबू लावलं तर वरचं जस्त जाऊन गुलाबी तांबूस डाग उठतो. शेवटी मायक्रोक्रिस्टलाइन मेणाचा अगदी पातळ हात.

खंडेनवमीला पूजेत ठेवतो. चालेल?

ठेवा, पण ओलं गंध, कुंकू, अक्षता थेट पोलादावर नको. ओलावा आणि क्षार एका ठिपक्यात अडकतात आणि महिनाभरात तिथे खड्डा पडायला सुरुवात होते. नळीच्या वरच्या बाजूला एका रांगेत सारख्या अंतरावर खड्डे दिसले तर ते बहुधा पूजेचेच. खाली पाट, वर वस्त्र, गंध वस्त्राला किंवा पेटीला. पूजेनंतर मेणाचा हात पुन्हा.

पावसाळ्यात कसं ठेवायचं?

चामड्याच्या म्यानात अजिबात नाही. बाभूळ-हिरड्यात कमावलेल्या चामड्यात टॅनिन असतं, जून-सप्टेंबरच्या दमटपणात ते पोलाद खातं आणि पितळेवर हिरवा मेणचट थर आणतं. म्यान जपायचं असेल तर वेगळ्या पिशवीत. पिस्तूल आम्लविरहित कागदात, झाकण घट्ट बसणाऱ्या डब्यात, रंग बदलणाऱ्या सिलिका जेलसोबत. आतली आर्द्रता ४५ ते ५० टक्के ठेवा. लाकूड असल्यामुळे त्याहून फार खाली नको, मूठ तडकते. जेलचा रंग बदलला की ओव्हनमध्ये वाळवायचं. आणि ही पेटीही परवान्याच्या अटींप्रमाणे कुलपातच.

तज्ज्ञाला फोटो पाठवायचे. काय-काय हवं?

दोन्ही बाजू पूर्ण, पट्टी शेजारी ठेवून. प्रत्येक शिक्का आडव्या उजेडात दोन दिशांनी, कारण एका दिशेत अर्धंच दिसतं. नळीची लांबी, तोंडाशी आतला व्यास, एकूण वजन. स्क्रूच्या भोकांचे जवळून फोटो, मुठीचा आणि धातूचा जोड, लॉकचा आतला भाग आधीच उघडलेला असेल तरच. काहीही पुसण्याआधीचे फोटो. अनुक्रमांकाचा फोटो उघड्या गटांवर टाकू नका. तो परवान्यावरचा तपशील आहे.

विकायचं किंवा परदेशातल्या मुलाकडे पाठवायचं झालं तर?

विक्री परवानाधारकालाच आणि कागदोपत्रीच. परदेशी पाठवणं हा वेगळा विषय: शंभर वर्षांहून जुनी वस्तू १९७२ च्या पुरावस्तू कायद्यात बसू शकते, आणि पुरावस्तूची निर्यात केंद्र सरकार किंवा त्याने नेमलेली संस्था यांच्याशिवाय कुणालाही करता येत नाही. कुरिअरमध्ये 'शोभेची वस्तू' म्हणून टाकलेली पिस्तुलं विमानतळावरच्या स्कॅनरमध्ये पहिल्या फटक्यात दिसतात.